पुरवणीतले गाणे आणि नाममुद्रा

१

फुकट मिळालेल्या गाण्यावर नाव कोणाचे असते, हा प्रश्न वरवर पाहता किरकोळ वाटण्याजोगा आहे. वृत्तपत्राच्या घडीत घालून वाचकाला भेट दिलेली संगीताची सीडी ही वितरण विभागाची युक्ती मानली जाते. खप वाढविण्यासाठी काढलेली वस्तू आणि साहित्यविचार यांचा संबंध तो काय, असे कोणी विचारल्यास नवल नाही. परंतु ज्या समीक्षेने ग्रंथाचे मुखपृष्ठ, अर्पणपत्रिका, प्रस्तावना आणि मलपृष्ठावरील मजकूर यांनाही अर्थनिर्णयनाच्या प्रक्रियेत स्थान दिले, तिला गीताच्या वाहकाकडे पाठ फिरविता येणार नाही. जेरार जेनेत याने १९८७ च्या ग्रंथात संहितेभोवतीच्या या मजकुराला परिसंहिता मानले. त्या ग्रंथाच्या फ्रेंच शीर्षकाचा अर्थच मुळी ‘उंबरठे’ असा आहे. वाचक संहितेत शिरतो तो या उंबरठ्यावरून. कर्त्याचे नाव हा त्यातला सर्वांत महत्त्वाचा उंबरठा. वृत्तपत्रासोबत आलेल्या सीडीचा उंबरठा मात्र गीताच्या मालकीचा नसतो. तो वृत्तपत्राच्या मालकीचा असतो. श्रोता गाण्यापर्यंत पोचतो तो वृत्तपत्राचे शीर्षक, प्रायोजकाचे चिन्ह आणि ‘आमच्या वाचकांना सप्रेम भेट’ असा मजकूर ओलांडून.

मराठी वृत्तपत्रव्यवहारात मुख्य अंकासोबत येणाऱ्या जादा पानांना ‘पुरवणी’ म्हणतात. हा शब्द देरिदाच्या वाचकाला थबकवणारा आहे. मूळ फ्रेंचमध्ये १९६७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ऑफ ग्रॅमॅटॉलॉजी’त रूसोचे वाचन करताना देरिदाने दाखवून दिले की, पुरवणी ही एकाच वेळी दोन कामे करते: ती पूर्ण असलेल्या वस्तूत भर घालते आणि त्याच क्षणी ती वस्तू अपूर्ण होती हेही उघड करते. जे पूर्ण आहे त्याला पुरवणी लागत नाही. या न्यायाने पाहिले, तर सीडी देणारे वृत्तपत्र स्वतःच्या मजकुराच्या अपुरेपणाची कबुलीच देत असते. परंतु या व्यवहाराला दुसरी बाजू आहे आणि ती समीक्षेच्या दृष्टीने अधिक गंभीर आहे. वृत्तपत्राची उणीव भरून काढण्यासाठी जे वापरले जाते, ते गाणे स्वतःची पूर्णता गमावते. भाजीवाली मापावर कोथिंबिरीच्या चार काड्या घालते, तेव्हा त्या काड्यांची किंमत कोणी विचारत नाही, शेत कोणाचे हेही विचारत नाही. पुरवणी झालेल्या गाण्याचे तसेच होते.

मराठीत या देण्याघेण्याला वेगवेगळे शब्द आहेत. ‘दान’ घेणाऱ्याने ते मिळाल्याचे बोलून दाखवायचे असते. ‘भेट’ देणाऱ्याघेणाऱ्यात नाते गृहीत असते. ‘फुकट’ या शब्दात मात्र नाते नाही आणि पावतीही नाही, किंबहुना वस्तूविषयीची किंचित तुच्छताच आहे. मार्सेल मॉस याने १९२५ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात असे मांडले की, दिलेल्या वस्तूत देणाऱ्याचा काही अंश शिल्लक राहतो, आणि त्यामुळेच घेणारा बांधला जातो. वृत्तपत्राच्या भेटीत शिल्लक राहणारा अंश कोणाचा? गायकाचा, कवीचा की वृत्तपत्राचा? प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, फुकट गाण्याच्या संदर्भात किमतीचा प्रश्न दुय्यम आहे. खरा प्रश्न नाममुद्रेचा आहे. आणि या प्रश्नाचा विचार करण्याची सामग्री मराठी परंपरेजवळ पाश्चात्त्य सिद्धान्तनाइतकीच, कदाचित अधिकही, आहे.

२

या व्यवहाराचे सर्वांत ठळक उदाहरण इंग्लंडमधील आहे. १५ जुलै २००७ रोजी ‘द मेल ऑन संडे’ या रविवारच्या वृत्तपत्रासोबत अमेरिकन गायक-संगीतकार प्रिन्स याचा ‘प्लॅनेट अर्थ’ हा नवा संग्रह वाचकांना फुकट देण्यात आला. त्या दिवशीच्या अंकाच्या प्रती तीस लाखांच्या आसपास होत्या. दुकानात अद्याप न आलेला संग्रह वृत्तपत्राच्या किमतीत मिळत असल्याने सोनी बीएमजी या कंपनीने ब्रिटनमधील त्याची विक्रीच रद्द केली. संगीतविक्रेते संतापले; आणि तरीही एचएमव्ही या मोठ्या दुकानसाखळीने त्या दिवशी आपल्या मांडणीवर ते वृत्तपत्रच विक्रीला ठेवले. गाण्याच्या दुकानात गाण्यासाठी वृत्तपत्र विकत घ्यावे लागावे, याहून पुरवणीच्या उलटापालटीचे बोलके उदाहरण सापडणे कठीण.

या घटनेचा अर्थ ‘बाजाराने कलावंताला गिळले’ अशा सोप्या सूत्रात सांगता येत नाही. प्रिन्सच्या कारकिर्दीतील मध्यवर्ती संघर्ष नावाचाच होता. वॉर्नर कंपनीशी झालेल्या वादात त्याने १९९३ मध्ये स्वतःचे नाव टाकून उच्चार न करता येणारे एक चिन्ह धारण केले, गालावर ‘गुलाम’ असा शब्द लिहून तो लोकांसमोर आला, आणि करारातून सुटल्यावर २००० मध्ये पुन्हा मूळ नावाकडे परतला. आपले नाव हीच कंपनीची मालमत्ता झाली आहे, अशी त्याची जाणीव होती. अशा कलावंताने सात वर्षांनी वृत्तपत्राच्या हातून आपले गाणे वाटले, तेव्हा त्याच्या दृष्टीने ते कंपनीला वळसा घालणे होते. त्या उन्हाळ्यात लंडनमध्ये त्याचे २१ कार्यक्रम झाले. वाटलेली सीडी त्या कार्यक्रमांचे आमंत्रण ठरली. विक्रेत्यांच्या संघटनेने मारलेला टोमणाही नावावरच बेतलेला होता. ‘पूर्वी प्रिन्स म्हणून ओळखला जाणारा कलावंत’ हे त्याचे जुने बिरुद उलटवून, तो लवकरच पूर्वी दुकानात मिळणारा कलावंत होईल, असे त्यांनी सुचविले.

परंतु त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्याच वृत्तपत्राने माइक ओल्डफील्ड याचा १९७३ मधील ‘ट्युब्युलर बेल्स’ हा संग्रहही वाटला होता. त्या ध्वनिमुद्रणाचे हक्क तेव्हा कंपनीच्या हाती होते. म्हणजे देणारी कंपनी होती. एका वृत्तपत्राने तीन महिन्यांच्या अंतराने दिलेल्या या दोन तबकड्या बाह्यतः सारख्याच. दोन्ही फुकट, दोन्ही पुठ्ठ्याच्या पाकिटात, दोन्हींवर वृत्तपत्राचा ठसा. एकीत देण्याची क्रिया कलावंताची होती, दुसरीत त्याच्या कृतीवर मालकी असणाऱ्याची. घेणाऱ्या वाचकाला मात्र हा फरक तबकडीवरून कळण्याची सोय नव्हती. म्हणूनच ‘फुकट दिल्याने कलेचे अवमूल्यन होते काय’ हा प्रश्न अपुरा ठरतो. देण्याच्या क्रियापदाचा कर्ता कोण, हे पाहिल्याखेरीज त्याचे उत्तर देता येत नाही.

भारतात याच रेषेचे टोक २१ सप्टेंबर २०१० रोजी दिसले. त्या दिवशी ‘द टाइम्स ऑफ इंडिया’ आणि ‘द हिंदू’ या वृत्तपत्रांच्या पानावर चिकटवलेले एक चिमुकले यंत्र, पान उघडताच, फोक्सवागन कंपनीच्या मोटारीची जाहिरात बोलू लागे. येथे कवी नाही, गायक नाही. वृत्तपत्रातून निघणाऱ्या आवाजाला फक्त देणाऱ्याचे नाव आहे. प्रिन्सच्या तबकडीत गाणे आणि ठसा यांच्यात ताण होता; येथे केवळ ठसा उरला.

३

मराठी गीतपरंपरेत नाव कोठे असते? ज्ञानदेव-नामदेवांच्या काळापासून ते शाहिरांच्या लावणी-पोवाड्यापर्यंत त्याचे उत्तर एकच आहे: नाव संहितेच्या आत असते. अभंगाच्या अखेरच्या चरणात येणारी नाममुद्रा ही मालकीची खूण आहे, असे आधुनिक दृष्टीला वाटते. वस्तुतः ती त्याहून अधिक काही आहे. मुखाने गायल्या जाणाऱ्या, पोथीतून पोथीत उतरणाऱ्या, मुखपृष्ठ नसलेल्या काव्याचा तो अंगभूत उंबरठा आहे. जेनेत ज्याला संहितेबाहेर ठेवतो, ते येथे संहितेच्या आत, छंदात बांधलेले आणि म्हणून अढळ आहे. मुद्रा काढली की चरण मोडतो. गाणाऱ्याला कवीचे नाव घेतल्याशिवाय गाणे पुरेच करता येत नाही. (या व्यवस्थेचा गैरवापर झाला, थोरांच्या मुद्रेने अनेकांनी रचना केल्या, हे खरे, परंतु त्या लबाडीतूनही मुद्रेचे सामर्थ्यच सिद्ध होते.)

याचा प्रत्यय आजही दरवर्षी भाद्रपदात येतो. गणेशोत्सवात वृत्तपत्रे, सराफ, पतसंस्था आणि इच्छुक उमेदवार आरतीसंग्रहाच्या पुस्तिका फुकट वाटतात. मराठी मुलखातील भेट-सीडीची ही खरी थोरली बहीण. मुखपृष्ठावर गणपतीपेक्षा प्रायोजकाचे नाव ठळक असते, पानापानाच्या तळाशी त्याचा पत्ता असतो. परंतु घरातली माणसे तबक घेऊन उभी राहतात तेव्हा प्रायोजकाचे नाव कोणी गात नाही. गणपतीच्या सर्वतोमुखी असलेल्या आरतीच्या अखेरीस रामदासांची मुद्रा येते आणि ती पाच वर्षांच्या मुलाच्याही तोंडून उच्चारली जाते. पुस्तिकेची परिसंहिता देणाऱ्याने विकत घेतली. संहितेतले नाव त्याला विकत घेता आले नाही.

आधुनिक कवितेने ही मुद्रा सोडली. केशवसुतांपासूनच्या कवितेला तिची गरज उरली नाही, कारण नियतकालिकाचे पान आणि ग्रंथाचे मुखपृष्ठ ते काम करू लागले. नाव संहितेतून बाहेर पडले आणि छापखान्याच्या हवाली झाले. ध्वनिमुद्रणाच्या इतिहासात हेच स्थित्यंतर अवघ्या काही वर्षांत घडले. १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहर जान यांचे गाणे मुद्रित झाले, तेव्हा गाण्याच्या अखेरीस त्यांनी स्वतःचे नाव इंग्रजीत उच्चारले. परदेशातील कारखान्यात तबकडीवर योग्य नाव लागावे, ही त्यामागची तांत्रिक सोय. पण ऐकणाऱ्याला ती नाममुद्राच वाटते आणि परिणामतः ती तशीच आहे. पुढे तबकडीवर छापील नामपट्टी स्थिरावली आणि गायकाने नाव उच्चारण्याचे कारण संपले. ‘ध्वनिमुद्रिका’ हा मराठी शब्द ध्वनीच्या मुद्रेविषयी बोलतो; नावाची मुद्रा मात्र तिने कागदाच्या गोल पट्टीवर सोपविली होती. भावगीत हा या व्यवस्थेचाच काव्यप्रकार: आधुनिक कवितेप्रमाणे मुद्राहीन आणि नावासाठी सर्वस्वी पट्टीवर अवलंबून. हे अवलंबन किती ठिसूळ आहे, याची परीक्षा पट्टी दुसऱ्याच्या हाती जाईपर्यंत झाली नाही.

४

तरीही फुकट गाणे आणि नाव यांचे वैर अटळ नव्हते, हे दाखविणारे उदाहरण मराठीतच आहे. १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीने ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे ‘गीतरामायण’ वर्षभर, १९ एप्रिल १९५६ पर्यंत, प्रसारित केले. गीते छप्पन होती. श्रोत्याला त्यांचे मोल द्यावे लागले नाही. त्यांची लोकप्रियता वाढत गेली तशी वृत्तपत्रे दर आठवड्याला नव्या गीताचे शब्द छापू लागली. म्हणजे वृत्तपत्रासोबत गाणे घरी येण्याची गोष्ट मराठी वाचकाला सीडीच्या कितीतरी आधीपासून परिचित होती.

परंतु या दोन व्यवहारांची रचना परस्परविरुद्ध आहे. १९५५ मध्ये गाणे वृत्तपत्राची पुरवणी नव्हते. वृत्तपत्रच गाण्याची पुरवणी झाले होते. हवेतून आलेले आणि हवेतच विरलेले शब्द धरून ठेवण्याची श्रोत्याची गरज ते भागवीत होते. दुसरे म्हणजे, वृत्तपत्राने दिले ते केवळ शब्द. स्वर श्रोत्याला आठवावा लागे, चाल स्वतःच्या गळ्यात उतरवावी लागे. घेणाऱ्याच्या वाट्याला काही काम उरले होते आणि त्या कामातूनच तो कृतीचा सहभागी होत होता. तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, कवी आणि संगीतकार यांची नावे या व्यवहारात कोठेही पुसली गेली नाहीत. आकाशवाणीच्या निवेदनात गीतकार, संगीतकार आणि गायक यांची नावे सांगण्याची जी शिस्त होती, ती मुद्रेच्या जागी आलेली संस्थात्मक व्यवस्था होती. अंतर्गत मुद्रा गेली, पट्टी दिसत नाही, तरी निवेदक नाव घेतो. फुकट गाणे म्हणजे अनाम गाणे असे समीकरण मांडणाऱ्यांनी आकाशवाणीच्या या शिस्तीचा विचार केलेला बरा.

ऐंशीच्या दशकात स्वस्त कॅसेट आली. टी-सिरीजसारख्या कंपन्यांनी मूळ गायकाच्या जागी दुसऱ्या आवाजातील आवृत्त्या काढल्या. पीटर मॅन्युएल यांनी ‘कॅसेट कल्चर’ (१९९३) या ग्रंथात या काळाचा अभ्यास करताना, कॅसेटने मक्तेदारी मोडून प्रादेशिक आणि लोकगीतांना बाजार मिळवून दिला, हे साधार दाखविले आहे. मराठीत प्रल्हाद शिंदे यांच्यासारख्या गायकाचा आवाज खेडोपाडी पोचला तो या मार्गाने. कॅसेटने नाव पुसले नाही. पण पाकिटावरच्या नावांच्या श्रेणीत कवीला बहुधा शेवटची, बारीक अक्षरांची जागा मिळाली. भेट-सीडीने त्या श्रेणीच्या माथ्यावर वृत्तपत्र आणून बसविले, एवढेच.

५

हा सगळा व्यवहार एखाद्या तालुक्याच्या गावातून पाहिला, तर त्यातील गृहीतके स्पष्ट होतात. बीड-परळी रस्त्यावरील वडवणी हे असे गाव. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ते तालुक्याचे ठिकाण झाले. जिल्ह्यातील अंबाजोगाईशी मुकुंदराज आणि दासोपंत यांची नावे निगडित आहेत, आणि दासोपंतांची पासोडी तर काव्य आणि त्याचे वाहक यांच्या अभेदाचा नमुनाच आहे. ते काव्य कागदावर नव्हे, लांबलचक कापडावर लिहिलेले आहे. पासोडीचे दर्शन होते, वाचन होते. तिची प्रत घडीत घालून वाटता येत नाही.

भेट-सीडीच्या मागे असलेला वाचक हा एका अंकाचा एक मालक आहे. त्याच्या घरी सीडी वाजविणारे यंत्र आहे, वर्षभर तो एकाच पत्त्यावर राहतो. वडवणीसारख्या गावात वृत्तपत्राचा अंक एकाचा नसतो. चहाच्या हॉटेलात, केशकर्तनालयात, वाचनालयात एक अंक अनेकांच्या हातून फिरतो. मधले पान एकाजवळ, खेळाचे दुसऱ्याजवळ. वृत्तपत्र वाटून घेता येते, सीडी वाटून घेता येत नाही. वाचनाच्या या सामूहिक रीतीत फुकट तबकडी ही भेट ठरत नाही. ती हॉटेलमालकाच्या गल्ल्याजवळ राहणारी वस्तू ठरते. दुसरे गृहीतक अधिक कठोर आहे. वडवणी परिसर हा ऊसतोड कामगारांचा. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी दिवाळीच्या आगेमागे पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे जातात, ती उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. १९०९ मध्ये का. र. मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने दिवाळी अंकाची प्रथा रूढ केल्यापासून मराठी वाङ्मयव्यवहाराचा हंगाम दिवाळी हा आहे. अंक, पुरवण्या आणि भेटवस्तू यांचा सुकाळ असतो, नेमके तेव्हाच गावातली निम्मी घरे कुलूप लावून फडावर निघालेली असतात. ‘आमच्या वाचकांना सप्रेम भेट’ या वाक्यातील ‘वाचक’ कोण, हे त्या कुलपांवरून कळते.

गाणे मात्र या माणसांबरोबर गेले. सीडीच्या उतरणीच्या काळात, विशेषतः २०१० च्या आगेमागे, तालुक्याच्या गावांतील मोबाइलच्या दुकानांत मेमरी कार्डावर गाणी भरून देण्याचा धंदा चालला. किरकोळ रकमेत शेकडो गाणी मिळत. वृत्तपत्राच्या सीडीचे हे ग्रामीण भावंड म्हणता येईल, कारण गाण्यामागे पाहिले तर येथेही ते जवळजवळ फुकटच होते. पण नावाच्या बाबतीत हे कार्ड सीडीच्या पुढे गेले. सीडीवर कोणाचे तरी, निदान देणाऱ्याचे, नाव होते. कार्डावर पाकीट नाही, पट्टी नाही, निवेदक नाही. फोनच्या पडद्यावर दिसे तो एखादा क्रमांक किंवा गाण्याच्या तोंडचे तुटके शब्द. कवी आणि संगीतकार पूर्णतः अदृश्य झाले.

येथे एक विलक्षण गोष्ट घडली. परिसंहितेचे सगळे थर गळून पडल्यावर ज्यांची नावे टिकली, ते आधुनिक भावगीतांचे कवी नव्हते. टिकले ते मुद्रा न सोडलेले. वामनदादा कर्डक (१९२२-२००४) यांची भीमगीते या मुलखात लग्नात, जयंतीत, मोबाइलवर, गायक कोणीही असो, गायली जातात, ऐकली जातात. वामनदादांनी आपल्या गीतांच्या अखेरच्या कडव्यात ‘वामन’ हे नाव गुंफण्याची जुनी रीत चालू ठेवली. त्यामुळे पाकीट हरवले, पट्टी गेली, चोरून प्रत काढली, तरी गाणे संपता संपता कवी स्वतःचे नाव सांगून जातो. ज्या साधनाला आधुनिक काव्यविचाराने मध्ययुगीन म्हणून निरोप दिला, तेच मेमरी कार्डाच्या युगात सर्वांत टिकाऊ ठरले. ही वाङ्मयेतिहासातील केवळ एक गंमत नव्हे. ज्यांची नावे शतकानुशतके कोणत्याही मुखपृष्ठावर येऊ दिली गेली नाहीत, त्या समाजाच्या कवीने छापील परिसंहितेवर विश्वास न ठेवता नाव गाण्याच्याच अंगात ठेवले, यामागे एक सांस्कृतिक शहाणपण आहे.

६

यावर एक गंभीर आक्षेप संभवतो. लोकपरंपरा तर अनामच असते. ओवी कोणाची हे कोणी विचारत नाही. मग नावाचा हा आग्रह म्हणजे छापखान्याने जन्माला घातलेली कर्तृत्वाची कल्पना लोकगीतांवर लादणे नव्हे काय? कर्ता ही विशिष्ट काळाच्या व्यवहारातून घडलेली भूमिका आहे, हे मिशेल फूको याने १९६९ मध्ये दाखवून दिले आहेच. आक्षेपात तथ्य आहे. पण त्यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. जात्यावरच्या ओवीत नावाची जागा रिकामी असते. तेथे बाई भावाचे, लेकीचे, विठ्ठलाचे नाव घेते. स्वतःच्या जागी दुसऱ्या कोणाचा ठसा उमटवू देत नाही. भेट-सीडीत नावाची जागा रिकामी नसते; ती व्यापलेली असते. अनाम असणे आणि नावावर दुसऱ्याचे नाव चढणे, यांत जे अंतर आहे ते मराठवाड्यात वेगळे समजावून सांगण्याची गरज नसावी. विद्यापीठाच्या नावासाठी १९७८ पासून १४ जानेवारी १९९४ पर्यंत या प्रदेशाने किती सोसले, हे ज्याला ठाऊक आहे, तो नावाला केवळ परिसंहिता म्हणणार नाही.

वासुदेवाचे गाणेही असेच तपासता येते. रा. चिं. ढेरे यांच्या ‘मराठी लोकसंस्कृतीचे उपासक’ या ग्रंथाने या उपासकांकडे गंभीरपणे पाहण्याची दृष्टी दिली. वासुदेव पहाटे दारात येऊन जे गातो त्याचे मोल ठरलेले नसते. पण त्याच्या झोळीत पडलेल्या धान्याची पावती तो गाण्यातूनच देतो. देणारा, घेणारा आणि ज्याच्या नावाने दिले तो देव, असे तिघेही त्या गाण्यात हजर असतात. मॉसच्या परिभाषेत बोलायचे, तर देणाऱ्याचा अंश वस्तूत राहतो आणि तो उच्चारलाही जातो. वृत्तपत्राच्या भेटीत असा परतीचा उच्चार नाही. वाचक कवीपर्यंत काहीच परत पाठवू शकत नाही, कारण तो कवीकडून काही घेत असल्याचे त्याला भासतच नाही.

फुकट गाणे कसे असू शकते, याचे एक उदाहरण वडवणीच्या शेजारच्या माजलगावात आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी उभारलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या प्रकल्पात महाराष्ट्रभरातून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. १९९६ मध्ये माजलगावच्या भीमनगरातील स्त्रियांच्या आवाजात आंबेडकरांवरील ओव्या मुद्रित झाल्या, आणि २०१७ पासून पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया या संस्थेने हा संग्रह सर्वांसाठी विनामूल्य खुला केला. येथे प्रत्येक ओवीसोबत गाणारीचे नाव येते: राधाबाई बोऱ्हाडे, गाव, वस्ती, तालुका, जिल्हा. साने गुरुजींच्या ‘स्त्रीजीवन’मध्ये ओव्यांची मांडणी विषयांनुसार होती. त्या संग्रहाचे ऋण मोठे आहे. परंतु तेथे ओवी ‘स्त्री’ची होती. येथे ती राधाबाईंची आहे. हेही मान्य करावे लागेल की, वय, जात, मुले, व्यवसाय अशा रकान्यांत बसविलेले नाव ही गाणारीने स्वतः गुंफलेली मुद्रा नव्हे. ते संशोधकाने केलेले नोंदणीचे काम आहे, आणि त्यात गाणारी ‘माहिती देणारी’ होऊन बसण्याचा धोका राहतो. तथापि दिलेल्या गाण्यावर देणाऱ्या संस्थेचा नव्हे, तर गाणारीचा ठसा ठेवायचा, ही दृष्टी तेथे आहे. ओवी फुकट आहे आणि तरी ती कोणाची पुरवणी नाही.

कायद्यानेही या प्रश्नाची दखल घेतली आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम ५७ कर्त्याला, हक्क विकल्यानंतरही, आपले कर्तृत्व सांगण्याचा अधिकार देते. २०१२ च्या दुरुस्तीने कलम ३८ब घालून सादरकर्त्यालाही आपली ओळख सांगितली जाण्याचा अधिकार दिला; पण सादरीकरणाच्या वापराच्या स्वरूपामुळेच नाव वगळावे लागत असेल, तर ती सवलत ठेवली. सगळी मेख या सवलतीत आहे. वापराचे स्वरूप ठरवितो कोण? जो वाटतो तो.

वृत्तपत्रासोबत सीडी देण्याचा काळ सरला. चकत्या अडगळीत गेल्या. काही ठिकाणी त्या पाखरे उडविण्यासाठी पिकात टांगलेल्याही दिसतात. पण त्या व्यवहाराने रूढ केलेली रचना संपलेली नाही. मोबाइलच्या योजनेसोबत, एखाद्या खरेदीसोबत, जाहिरातीच्या मोबदल्यात गाणे आजही ‘फुकट’ येते, आणि पडद्यावर गीतकाराचे नाव शोधायला गेले तर ते बहुधा दोन-तीन पायऱ्या खाली असते. अशा वेळी गीताची समीक्षा केवळ आशय, प्रतिमा आणि लय यांच्यापुरती ठेवणे म्हणजे वाटणाऱ्याने आखलेला उंबरठा मुकाट्याने मान्य करणे होय. गीताचे वाचन करताना ते कोणी लिहिले, कोणी गायले आणि कोणी दिले, या तीन नावांतील अंतर मोजणे हे समीक्षेचे काम आहे. वामनदादांचे गाणे फडावरच्या कोपीत, कोणत्याही पट्टीविना, अखेरच्या कडव्यात ते अंतर स्वतःच मोजते. मुद्रा सोडलेल्या गीतांसाठी ते समीक्षेला करावे लागेल.